कॅसेटमधला प्रागभाव

नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरची काही वर्षं महाराष्ट्रात गावोगावी टीव्हीला जोडायचे जे व्हिडिओ गेम विकले जात, त्यांतले पुष्कळसे निन्तेन्दो या जपानी कंपनीच्या १९८३ सालच्या ‘फॅमिकॉम’ यंत्राच्या नकला होत्या. त्यात खोचायच्या प्लास्टिकच्या डबीला मुलं कॅसेट म्हणत. कॅसेटवर ‘९९९९९९-इन-१’ असं बिनदिक्कत छापलेलं असे. आत खेळ असत मोजकेच. तेच नाव बदलून, किंवा पहिल्याऐवजी तिसऱ्या टप्प्यापासून सुरू होऊन, यादीत पुन्हा पुन्हा डोकं वर काढत. आकडा थापेचा आहे हे दोन दिवसांत कळे. तरी यादी खाली सरकवत राहायचा मोह सुटत नसे, कारण पुढच्या पानावर काय आहे हे तिथे गेल्याशिवाय कळायला मार्ग नव्हता. आज त्या यादीतला जवळजवळ कोणताही खेळ मोबाइलवर चालवता येतो. १९८५ सालचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अवघा ४० किलोबाइटचा आहे. व्हॉट्सॲपवर रोज येणारा सुप्रभातचा फोटोही बहुधा त्याहून जड भरेल. आणि हा मारिओ तेव्हाच्या मारिओहून एका बिटनेही वेगळा नाही. तीच उडी, तेच कासव, तीच सुरुवातीची धून. वर कॅसेट बाहेर काढून तिच्यात फुंकर मारण्याचा खटाटोपही उरलेला नाही. मग तिशी-चाळिशीतली माणसं तो हौसेनं शोधून घेतात, दहा मिनिटं खेळतात आणि बंद करतात, हे कसं? हरवलेली वस्तू जशीच्या तशी हाती आली की हुरहुर शमायला हवी. ती शमत नसेल, तर हुरहुर त्या वस्तूची नव्हतीच असं म्हणावं लागेल. मग ती होती कशाची?

या भावनेला ‘नॉस्टॅल्जिया’ हे नाव १६८८ साली योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं बाझेल इथे सादर केलेल्या प्रबंधात दिलं. घरी परतणं आणि वेदना अशा अर्थांचे दोन ग्रीक शब्द त्यानं एकत्र बांधले. त्याच्या लेखी तो सरळसरळ आजार होता: परमुलखात गेलेले स्विस तरुण त्यानं झिजत, आणि त्यांना घरी पाठवणं हाच त्यावरचा खरा उपाय. शंभरावर वर्षांनी, १७९८ साली, जर्मन तत्त्वज्ञ कांटनं या उपायाकडे तिरक्या नजरेनं पाहिलं. घरी परतलेल्या या लोकांचा विरस होतो, असं तो नोंदवतो. त्यांना वाटतं गाव बदललं. पण त्यांना हवं असतं ते गावात घालवलेलं तारुण्य, आणि ते काही कुणी परत आणून देऊ शकत नाही. मराठीत याच भावनेला दोन शब्द आहेत आणि त्यांचं आपसांत पटत नाही. ‘स्मरणरंजना’त करमणूक आहे, ‘गतकातरते’त कळ. होफर आणि कांट दोघंही दुसऱ्या शब्दाच्या बाजूचे. आपल्याकडचे सुट्टीतल्या आठवणींचे दिवाळी लेख बहुधा पहिल्याच्या. कांटचं म्हणणं मनाला पटतं, पण त्याला ते तपासून पाहता येणार नव्हतं. कारण गाव खरोखरच बदललेलं असे. वाडा पडून तिथे इमारत उभी राहते, चिंचेचं झाड रस्तारुंदीकरणात जातं, आणि परतलेला माणूसही पूर्वीचा राहिलेला नसतो. दोन्ही बाजू एकदम हलल्या की चूक कोणत्या बाजूची हे ठरवता येत नाही. संगणकात साठवलेल्या खेळानं यातली एक बाजू जागच्या जागी खिळवून ठेवली. ‘हाच तो देवदत्त’, म्हणजे पूर्वी पाहिलेलाच माणूस आता समोर आहे, या नैयायिकांच्या (न्यायदर्शनाच्या पंडितांच्या) आवडत्या उदाहरणावर बौद्ध विचारवंत दिव्याच्या ज्योतीचा दाखला देत: ज्योत क्षणाक्षणाला नवी असते, आपण साम्याला एकत्व समजतो. फाइलच्या बाबतीत हा आक्षेप लागू करणं अवघड आहे. दोन प्रतींतला प्रत्येक बिट ताडून पाहता येतो आणि ‘हाच तो मारिओ’ हे ज्ञान यथार्थ ठरतं. म्हणजे जे बदललं ते पडद्याच्या अलीकडे.

इथे योगसूत्रांवरच्या व्यासभाष्याची मदत होते. पतंजलीनं स्मृतीची व्याख्या केली आहे तिथे भाष्यकार विचारतात: चित्त आठवतं कोणाला, वस्तूला की वस्तूच्या ज्ञानाला? उत्तर असं, की दोहोंना. अनुभवाचा संस्कार उरतो तेव्हा त्यात ग्राह्य, म्हणजे जाणलेली वस्तू, आणि ग्रहण, म्हणजे जाणण्याची क्रिया, या दोन्हींचा ठसा असतो. मात्र भाष्यकार तिथेच थांबत नाहीत. प्रत्यक्ष अनुभवात ग्रहण आघाडीवर असतं, ते म्हणतात. स्मृतीत ग्राह्य आघाडीवर येतं. हा भेद मला फार मोलाचा वाटतो. खेळताना जे काही घडत होतं त्यात बोटांची घाई, छातीतली धडधड, ‘आता काय?’ हा प्रश्न हेच मुख्य होतं. आठवताना मात्र पुढे येऊन उभा राहतो तो लाल टोपीतला मारिओ. ज्याची कमतरता जाणवते ते मागे झाकलेलं असतं आणि ज्याची कमतरता नाही ते समोर मिरवत असतं. म्हणून माणूस ग्राह्याच्या शोधात निघतो. बाजार तर ग्राह्य घेऊन वाटेतच बसलेला असतो: नोकियाचा ३३१० हा फोन, मूळचा २००० सालचा, २०१७ मध्ये ‘स्नेक’ या सापाच्या खेळासकट पुन्हा विक्रीला आला, आणि निन्तेन्दोनं २०१६ च्या अखेरीस आपलं जुनं यंत्र तीस खेळ आत भरून तळहातावर मावेल एवढं करून विकलं. ग्राह्याची नक्कल निघते. ग्रहणाची निघत नाही.

पण ग्रहणातलं नेमकं काय गेलं? वय, असं कांटसारखं मोघम उत्तर देऊन भागणार नाही. एका मोठ्या प्रयोगानं त्याचं बरंच नेमकं उत्तर दिलं आहे, प्रयोग म्हणून तो कुणी केला नसला तरी. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा असंख्य खेळाडू एकाच कल्पित जगात वावरतात असा खेळ ब्लिझार्ड कंपनीनं नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू केला. पुढे त्यात वर्षानुवर्षं बदल होत गेले आणि जुन्या खेळाडूंनी सुरुवातीचं जग परत मागायला सुरुवात केली. २०१३ च्या कंपनीच्या मेळाव्यात हा प्रश्न आला तेव्हा व्यासपीठावरच्या अधिकाऱ्यानं, तुम्हाला ते हवंय असं तुम्हाला वाटतं, पण तुम्हाला ते नकोय, अशा अर्थाचं उत्तर दिलं आणि तो अनेकांच्या रोषाचा धनी झाला. चाहत्यांनी परवानगीविना चालवलेला जुन्या जगाचा एक सर्व्हर २०१६ मध्ये कायद्याच्या धाकानं बंद पडल्यावर मागणीनं जोर धरला, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीनं जुनं जग खरोखर उघडून दिलं. लोक रांगा लावून आत शिरले. त्या जगात रॅग्नरॉस नावाचा एक अग्निदैत्य आहे. त्याला हरवायला चाळीस जणांचा चमू लागतो. मूळ खेळात तो पहिल्यांदा पडायला सुमारे पाच महिने लागले होते. २०१९ मध्ये तो आठवड्याच्या आत पडला. परत उघडलेलं जग २००६ सालच्या सुधारित आवृत्तीचं होतं आणि त्यात खेळाडूंची ताकद थोडी वाढलेली होती, हा आक्षेप रास्त आहे. पण पाच महिन्यांचा आठवडा होण्याचं खरं कारण सुधारणांत नाही, खेळाडूंच्या डोक्यात आहे. दैत्य कुठे उभा राहतो, कधी बुडी मारतो, कोणतं शस्त्र किती टक्क्यांनी सरस ठरतं, हे सगळं पंधरा वर्षांत मोजून, लिहून, व्हिडिओ करून झालं होतं. पूर्वी एखाद्या जंगलात वाट चुकलेला खेळाडू भेटेल त्याला वाट विचारी. आता वाट चुकणं हा वेळेचा अपव्यय होता. जग परत आलं, त्या जगाविषयीचं अज्ञान परत आलं नाही.

अज्ञान हा शब्द मात्र इथे कामाचा नाही, कारण तो उणेपणाचा शब्द आहे. नैयायिकांकडे याहून चांगला शब्द आहे. अभाव हासुद्धा एक पदार्थ आहे, असं न्याय-वैशेषिक परंपरा मानते, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते शब्दांचं कसब वाटतं. नसणं ही काय गोष्ट आहे? पण त्यांनी नसण्याचेही प्रकार पाडले, आणि त्यातल्या दोहोंचा भेद इथे थेट उपयोगी पडतो. घडा घडण्यापूर्वीचं त्याचं नसणं तो प्रागभाव. घडा फुटल्यानंतरचं नसणं तो प्रध्वंसाभाव. प्रध्वंसाभावाला सुरुवात आहे, शेवट नाही. फुटलेला घडा फुटलेलाच राहतो. प्रागभावाचं उलट. त्याला सुरुवात नाही, पण शेवट आहे. घडा घडला त्या क्षणी त्याचा प्रागभाव संपला आणि तो पुन्हा कधीही उत्पन्न होणार नाही. आपण गतकाळासाठी कळवळतो तेव्हा आपली समजूत अशी असते की प्रध्वंसाभावाचं दुःख आहे, काहीतरी फुटलं, तुटलं, गेलं. मारिओची फाइल हातात धरून पाहिलं तर काहीच फुटलेलं नाही. संपला आहे तो प्रागभाव: दुसऱ्या टप्प्यात पाणी असेल की गुहा, हे कळण्यापूर्वीची स्थिती. माझं म्हणणं एवढंच आहे, की खेळांच्या बाबतीत तरी गतकातरता ही भूतकाळाची ओढ नसून गमावलेल्या भविष्याची ओढ आहे. ज्याला आपण ‘तेव्हा’ म्हणतो त्याचं वैशिष्ट्य असं होतं की त्याच्यापुढे अजून काही घडायचं होतं.

खेळाडूंच्या बोलण्यात एक इच्छा वारंवार ऐकू येते: हा खेळ डोक्यातून पुसून पुन्हा पहिल्यापासून खेळता आला असता तर! हे वाक्य माझ्या म्हणण्याचा पुरावाही आहे आणि या ओढीतली गाठही. कारण विस्मरणानं प्रागभाव परत येत नाही. नैयायिक म्हणेल, झालेलं ज्ञान नष्ट झालं, तर तो त्या ज्ञानाचा प्रध्वंसाभाव. बरं, ते काटेकोर भाषेचं सोडून दिलं तरी अडचण राहतेच. खेळ पूर्ण पुसला गेला तर ‘पुन्हा’ पहिल्यांदा खेळतोय हे कळणार कोणाला? या इच्छेला आठवणही हवी आहे आणि कोरी पाटीही. दोन्ही एका वेळी मिळत नाहीत, म्हणून ही ओढ कोणत्याही वस्तूनं भागत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की हे सगळं फार पुस्तकी झालं. लोकांना आठवण येते ती सवंगड्यांची. भारतात २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइलवर बंदी आली आणि जुलै २०२१ मध्ये तोच खेळ नाव बदलून परतला. तरीही टाळेबंदीतल्या पबजीची आठवण काढणारे आहेत, कारण रात्री चौघं मिळून खेळत ते चौघं आता विखुरले. हे खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. पण ते चौघं आजही एका व्हिडिओ कॉलच्या अंतरावर असतात. कॉल लावला जातो, ‘काय रे, कसं चाललंय’ होतं, आणि सात-आठ मिनिटांनी बोलण्यासारखं उरत नाही. माणसंही तीच असताना, खेळही तोच असताना जे येत नाही ते पुन्हा तेच आहे. तेव्हा कोण हिंजवडीत नोकरीला लागेल, कोण कॅनडाला जाईल, कोणाचं लग्न ठरेल आणि कोण स्पर्धा परीक्षांच्या फेऱ्यांत अडकेल हे ठरलेलं नव्हतं. मैत्रीलाही तिचा प्रागभाव होता.

दुसरा आक्षेप जास्त कठीण आहे: डिजिटल वस्तू टिकते हे गृहीतच चुकीचं. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के तेव्हा अधिकृतपणे विकत मिळत नव्हते. ऑर्कुट हे समाजमाध्यम ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. ‘फार्मव्हिल’ हा शेतीचा खेळ २०२० च्या शेवटच्या दिवशी मिटला, कारण तो ज्या फ्लॅश तंत्रावर चालत होता तेच निवृत्त झालं. ‘द क्रू’ हा पैसे मोजून घेतलेला खेळ मार्च २०२४ अखेर सर्व्हर बंद होताच निकामी झाला आणि त्यातून ग्राहकांची युरोपभर चळवळ उभी राहिली. हा खरा प्रध्वंस आहे आणि त्याविरुद्ध भांडलं पाहिजे, कारण हा इतिहासाच्या साधनांचा प्रश्न आहे. बखरी आणि मोडी दफ्तरं जपायची तर हेही जपायला हवं. पण जपणं आणि हुरहुरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेच त्यातून दिसतं. मोडी कागदाचं वाचन करणारा अभ्यासक स्वतःच्या बालपणाकडे परतत नसतो. त्याला त्या कागदात काय आहे ते अजून माहीत नसतं.

मग जे त्या काळी जन्मलेच नव्हते त्यांचं काय? २००५ नंतर जन्मलेली मुलं जाड ठोकळ्यांच्या चित्रांवर जीव टाकतात. एरिक बॅरोन यानं एकट्यानं घडवलेला ‘स्टारड्यू व्हॅली’ २०१६ मध्ये आला तो जुन्या खेळांचंच रूप घेऊन, आणि तो जगभर गाजला. न जगलेल्या काळाचा प्रागभाव कोणी कसा गमावेल? मला इथे ‘शाकुंतला’च्या पाचव्या अंकातला दुष्यंत आठवतो. हंसपदिकेचं गाणं कानावर पडतं आणि राजा कारण नसताना अस्वस्थ होतो. त्याला वाटतं, ही जन्मांतरीची काही ओढ असावी. प्रेक्षकाला माहीत असतं की ओढ याच जन्मातली आहे, शापानं झाकलेली. कळ खरी, तिचा पत्ता चुकीचा. आजच्या मुलांचंही असंच होत असावं. त्यांना ओढ वाटते ती नव्वदच्या दशकाची नसून स्वतःच्या काळात मिळत नसलेल्या एका गोष्टीची: खेळ हाती येण्याआधीच तो कसा संपतो याचा व्हिडिओ पाहून झालेला असतो, आणि पुढे काय आवडेल हेही ॲप आधीच सांगून मोकळं होतं.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र आपल्या परंपरेतूनच येतो. माहीत असल्यानं गोडी जाते, हे मुळात खरं आहे का? कीर्तनाला बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं की सीता परत येणार आहे. आषाढीची वाट ठरलेली, मुक्काम ठरलेले, अभंग पाठ. तरी वारकरी वर्षानुवर्षं निघतो. रसाला अज्ञान लागत नाही. साउथॅम्प्टनच्या सेडिकिडीस आणि विल्डशूट या मानसशास्त्रज्ञांनी तर गतकातरतेनं माणसाला इतरांशी जोडलेपण आणि जगण्यात अर्थ जाणवतो असं प्रयोगांतून दाखवलं आहे. मग ती सोडवायची गाठ आहे तरी कशाला? या आक्षेपातला दाखला मला पूर्ण मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. वारकरी पहिल्या वारीतला तो स्वतः परत मिळावा म्हणून चालत नाही. जो त्यासाठी चालतो तो लवकरच ‘वारी आता पूर्वीसारखी राहिली नाही’ असं म्हणू लागतो, आणि असे लोक दिंडीत कमी नसतात. एकाच वाटेवर दोघं चालतात; एकाला आवृत्ती घडते, दुसऱ्याला तुलना. आवृत्तीत लक्ष या पावलावर असतं, म्हणून पाठ असलेल्या ओळीतूनही न ऐकलेलं काही निघण्याची शक्यता उघडी राहते. गीतेत स्मृतीचा उल्लेख दोन्ही टोकांना येतो हेही लक्षात घेण्यासारखं आहे: दुसऱ्या अध्यायात स्मृतिभ्रंशानं बुद्धीचा नाश होतो, आणि अठराव्यात अर्जुन स्मृती परत मिळाल्याचं सांगतो तो रथातून उतरून घरी जाण्यासाठी नव्हे. म्हणजे आठवणं हे बंधन आहे असं ही परंपरा म्हणतच नाही. आठवणीतल्या वस्तूलाच हुरहुरीचं कारण समजणं, ही भाष्यकारांच्या भेदातून उघडी पडणारी गफलत, तेवढी अडवते. मानसशास्त्रज्ञांना जो लाभ दिसला तोही आठवण्याच्या क्रियेतून झालेला आहे. त्यासाठी कुणाला जुनं यंत्र विकत घ्यावं लागलं नव्हतं.

वस्तू जुनी असूनही तिच्यातला प्रागभाव शिल्लक असू शकतो, याचं उदाहरण कॅसेटच्याच जगात आहे. निन्तेन्दोचा ‘टेट्रिस’ १९८९ सालचा. एकोणतिसाव्या पातळीवर ठोकळे इतक्या वेगानं पडतात की माणसाची मजल तिथेच संपते, असं अनेक वर्षं धरून चाललं होतं. पुढे कुणाला तरी सुचलं की बटण दाबण्याऐवजी कंट्रोलरच्या पाठीवर चार बोटांनी तबल्यासारखा ताल धरला तर बटण आपोआप वर येऊन अंगठ्यावर आपटतं आणि वेग खूप वाढतो. खेळणाऱ्यांत बरीचशी पोरं त्या खेळाच्या निम्म्या वयाचीही नव्हती. तो त्यांच्या बालपणाचा खेळ नव्हताच. २१ डिसेंबर २०२३ ला अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातला १३ वर्षांचा एक मुलगा १५७ व्या पातळीवर पोहोचला आणि खेळ गोठून बंद पडला. तोवर कोणत्याही माणसानं त्या यंत्रावर टेट्रिसला तिथपर्यंत रेटलं नव्हतं. चौतीस वर्षं तो क्षण त्या प्लास्टिकच्या डबीत न घडलेला पडून होता. पडदा गोठला तेव्हा गुणांच्या जागी ९९९९९९ हा आकडा दिसत होता. त्याच्या पुढचं दाखवायला खेळात जागाच ठेवलेली नव्हती.